मापात पाप कुणाचं?

मागच्या जूनमध्ये सातबाऱ्याच्या कामासाठी तालुक्याला गेलो होतो. सेतू केंद्रात रांग होती. माझ्या पुढे आमच्याच गावची एक म्हातारी, हातात प्लास्टिकच्या थैलीत गुंडाळलेले कागद. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही पोरी आपापल्या घरी नांदतात, ही अजून निंदणाला जाते, कापूस वेचते. निराधारच्या पगारासाठी तिला उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. नंबर लागला तसं काम्प्युटरवरच्या पोरानं मान वर न करता विचारलं, "आजी, वर्साची कमाई किती टाकू?"

म्हातारीनं बोटांच्या पेरांवर हिशेब लावला. निंदणाचे इतके दिवस, वेचाईचे इतके. "पस्तीस हजार तं होत असन, बापू."

पोराची बोटं थांबली. "एकवीसच्या आत पायजे, आजी."

"पन मले पस्तीस भेटते नं."

"तसं टाकलं तं फारम बाद होते."

"मंग खोटं लिवाचं का?"

"खोटं कायचं आजी? दाखला हाये तो."

रांगेतले हसले. मीही हसलो, हे कबूल करतो. म्हातारी हसली नाही. तिनं अंगठा लावला. ज्या कागदावर लावला त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं की वरील माहिती खरी आहे आणि ती खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. हे तिला कुणी वाचून दाखवलं नाही. मीही नाही.

हिशेब सोपा आहे. संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये. दिवसाला सत्तावन्न रुपये आणि वर काही पैसे. २०२५-२६ साली आपल्या राज्यात रोजगार हमीचा दर होता दिवसाला ३१२ रुपये, म्हणजे शंभर दिवसांचे झाले ३१,२००. सरकारनं तेव्हा कायद्यानं कबूल केलेली शंभर दिवसांची मजुरी एखाद्या बाईनं खरोखरच मिळवली, तर सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून ती बाद होते. महिन्याचे दीड हजार हवे असतील तर तिनं एक तर हमीचं काम करू नये, नाही तर केलेलं सांगू नये. तलाठ्याला (आमच्याकडे जुनी माणसं अजून पटवारीच म्हणतात) हे ठाऊक असतं, तहसीलला ठाऊक असतं, मर्यादा ठरवणाऱ्यांना नसेल असं मला वाटत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेलं हे खोटं एकट्या म्हातारीच्या अंगठ्याखाली येतं आणि शिक्षेस पात्रही तीच.

अशा वेळी आपण काय म्हणतो? 'खेड्यातली माणसं आता पहिल्यासारखी प्रामाणिक राहिली नाहीत.' पानठेल्यावर म्हणतो, लग्नाच्या पंगतीत म्हणतो. मला या वाक्याशीच भांडायचं आहे, आणि ते भांडण त्या शब्दापासूनच सुरू करावं लागेल.

तसा 'प्रामाणिक' हा आमच्याकडचा बोलायचा शब्द नव्हे. तो निबंधात येतो, शोकसभेत येतो आणि मास्तरांच्या निरोप समारंभात हमखास येतो. गावात माणूस इमानदार असतो. शपथेवर सांगायचं झालं तर 'इमानानं सांगतो' म्हणतात, माणसाच्या आत डोकवायचं झालं तर त्याची नियत बघतात. 'खरा' म्हणावं तर निम्म्या लोकांना सुपारी-तंबाखू घोटलेला खर्रा आठवतो. इमान आणि नियत दोन्ही मुळात अरबी. इमान ज्या धातूतून आला त्यातच विश्वास आहे, निर्धास्तपणा आहे. अमानत त्याच घरातली, म्हणजे दुसऱ्यानं भरवशावर आपल्याजवळ ठेवलेली वस्तू. इमानाला निदान दोन माणसं लागतात आणि कागद लागत नाही. नियतीला तर एकच माणूस पुरतो.

'प्रामाणिक'ला लागतं प्रमाण. संस्कृतातला 'मा' म्हणजे मोजणं. माप, मात्रा, परिमाण, अनुमान ही सगळी त्याची पिलावळ. ग्रीकमधला 'मेट्रॉन' हा दूरचा चुलतभाऊ, त्याच्याकडून मीटर आलं. म्हणजे घराबाहेर फिरणारं विजेचं मीटर आणि आपला प्रामाणिकपणा एकाच खानदानातले. बिल आल्यावर हे कुणाला पटणार नाही, ते सोडा. संस्कृतात प्रामाणिक म्हणजे प्रमाणाला धरून असलेलं, आधार असलेलं. हिंदीत आजही तोच अर्थ चालतो, 'प्रामाणिक ग्रंथ' म्हणजे अधिकृत, भरवशाचा ग्रंथ, आणि माणसासाठी ते ईमानदार वापरतात. मराठीनं मात्र हा ग्रंथांचा शब्द उचलून माणसाला लावला. मला हे फार आवडतं. मराठीत प्रामाणिक माणूस म्हणजे ज्याच्यावरून दुसरं काही पारखून घ्यावं असा माणूस.

इथं जरा शास्त्रात शिरतो, थोडं सोसा. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, जाणणारा तो प्रमाता, ज्याच्या साह्यानं जाणायचं ते प्रमाण आणि जे जाणून घ्यायचं ते प्रमेय. प्रमेय आपल्याला भूमितीतलं आठवतं, पायथागोरसचं, जे सिद्ध करता करता घाम फुटायचा. न्यायसूत्रांच्या पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थांची यादी आहे. तिच्यात पहिलं प्रमाण, दुसरं प्रमेय आणि तिसरा संशय. आपल्या कचेऱ्यांनी हा क्रम फिरवला. तिथं आधी संशय, मग प्रमेय आणि प्रमाणाचं कुणी विचारायचं नाही. म्हातारी हे प्रमेय झालं. तिनं स्वतःला सिद्ध करायचं: विधवा आहे हे सिद्ध करायचं, गरीब आहे हे सिद्ध करायचं, आणि पगार सुरू झाला की दर वर्षी जिवंत आहे हेही सिद्ध करायचं. त्या कागदाला हयातीचा दाखला म्हणतात. तो न्यायला ती स्वतःच्या पायांनी जाते, तरी कागद लागतोच.

त्याच न्यायसूत्रांत चार प्रमाणं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं. सूत्र दोनच शब्दांचं आहे, आप्तोपदेशः शब्दः. आप्त म्हणजे मराठीत आता नातेवाईक. तेव्हा आप्त म्हणजे ज्याला गोष्ट स्वतः माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशी सांगायची इच्छा आहे असा माणूस. त्यावर भाष्य लिहिताना वात्स्यायनानं एक गोष्ट नोंदवून ठेवली: ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखीच लागू आहे. कोण बोलतो त्याच्या जातीकुळीवर भरवसा ठरत नाही. त्याला माहीत आहे का आणि तो तसंच सांगतोय का, एवढंच बघायचं. या हिशेबानं सेतू केंद्रातली म्हातारी आप्त होती. आपली कमाई तिला ठाऊक होती आणि ती जशी आहे तशी सांगत होती. तिचं प्रमाण खोडून आपण तिच्या हातात प्रमाणपत्र दिलं.

आता इंग्रजीकडं बघा. 'ऑनेस्ट'मधला 'एच' मुका आहे, कारण शब्द फ्रेंचांकडून आला. फ्रेंचांकडे लॅटिनमधून, होनेस्तुस, आणि त्याच्या मागे होनोर, म्हणजे मान. ऑनेस्ट म्हणजे मुळात मानाचा माणूस, प्रतिष्ठित. खरं बोलण्याशी त्याचा संबंध नंतर घट्ट झाला. रोमन साम्राज्यात तर माणसांचे उघड दोन वर्ग होते. होनेस्तिओरेस म्हणजे मानाचे आणि हुमिलिओरेस म्हणजे खालचे. गुन्हा तोच, शिक्षा वेगळी. मानाच्याला बहुधा हद्दपारी, खालच्याला क्रूस, खाण, नाही तर जनावरांपुढं टाकणं. सिनेटर, सरदार, नगरसभेचे सदस्य हे जन्मानं आणि पदानं 'ऑनेस्ट'. त्यांनी काही सिद्ध करायची गरज नव्हती.

हे वाचून 'बघा, इंग्रजांचा शब्दच तसला' म्हणायची घाई करू नका. आपल्याकडचा 'साव' बघा. चोर नसलेला तो साव. साधू या शब्दापासून साहू, साहूपासून साव आणि त्याला 'कार' जोडला की सावकार. ज्याच्या वहीत माझ्या आजाची अर्धी जमीन गेली त्याच्या नावातच साधुपणा गोंदलेला. म्हणजे आपल्याही भाषेनं एका ठिकाणी तेच केलं, पैसेवाल्याला आगाऊ प्रामाणिक ठरवून टाकलं. गाडगेबाबा लहानपणी मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला मामाकडे वाढले. त्या मामाची शेती सावकाराच्या कागदात अडकली. पुढं जन्मभर 'कर्ज काढू नका' असं का सांगत राहिले, याचं उत्तर तिथं सापडतं. कागदावर सावकार चोख होता. अडाणी माणसाचा अंगठा होता आणि अंगठा खोटा नव्हता. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात आता सोय आहे की खरेदीखत झालेलं असलं तरी तो व्यवहार मुळात सावकारीतला होता असं आढळलं तर जमीन परत मिळू शकते. कायद्यानं इथं कागदाच्या मागं जाऊन बघायचं ठरवलं. हाच न्याय म्हातारीच्या दाखल्याला लावा, एवढंच माझं मागणं.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो, गावात मापारी होते. खळ्यावर ज्वारीची रास पडली की त्यांना बोलावणं यायचं. गुडघे मोडून बसायचे, पायली राशीत खुपसायची, वर शीग चढू द्यायची आणि पोत्यात रिकामी करताना मोठ्यानं म्हणायचे, 'लाभ'. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन, तीन, चार. शीग म्हणजे मापाच्या काठावर दाणा आपोआप थांबतो तो उंचवटा. शिगेला पोचणे हा वाक्प्रचार तिथूनच आलेला आहे. शीग पडू द्यायची की हातानं पुसून सपाट करायची, यावर वर्षाचा हिशेब फिरायचा. घ्यायचं माप एक आणि द्यायचं माप दुसरं ठेवणारे व्यापारी तेव्हाही होते. आबाजींच्या पायलीला दोन्हीकडचे लोक मानायचे. शेतकऱ्याची ज्वारी खरी की खोटी असं कुणी विचारत नसे. विचारायचे एकच, मापारी कोण आहे?

मराठीनं ही गोष्ट दोन शब्दांत सांगून ठेवली आहे, मापात पाप. मालात पाप असं आपण म्हणत नाही.

गंमत म्हणजे इंग्रजांनाही हे कळलं होतं, पण त्यांच्या फायद्यासाठी. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला सुरू झाला. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचं, कारभार इंग्रजांचा. मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडी कापूस शुद्ध हवा होता आणि बाजारातल्या मापावर, वजनावर, मधल्या कपातीवर भरवसा नव्हता. पुढं १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. शेतकऱ्याच्या कळवळ्यानं त्यांनी हे केलं नाही, ते उघड आहे. पण बाजार सुधारायचा तर हात कुठं घालायचा, हे त्यांना बरोबर समजलं: काट्यावर. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानं मेट्रिक मापं आणली, २००९ चा वैधमापन कायदा आला, आणि शिक्का मारायचा तो काट्यावरच, मालावर नव्हे, हे तत्त्व कायम राहिलं. किराणा दुकानातल्या काट्यावर पडताळणीचा शिक्का असतो. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाच्या कपाळावर असतो का?

मग कापूस खरेदीच्या आवारात हे तत्त्व कुठं जातं? हमीभाव हा आठ टक्के ओलाव्याच्या कापसाला असतो. बारा टक्क्यांपर्यंत टक्क्याटक्क्यानं भाव कमी होतो, त्याच्या वर गेला की माल परत. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता, म्हणजे एक टक्का इकडचा तिकडं झाला की क्विंटलमागं एक्क्याऐंशी रुपये. गेल्या हंगामात मी आणि माझा शेजारी एकाच दिवशी गेलो. आमची धुऱ्याला धुरा, पेरणी एकाच आठवड्यातली, वेचाई त्याच बायांनी केलेली. माझ्या गाडीत मीटर खुपसलं, आकडा नऊ. त्याच्या गाडीत तेरा. त्यानं विचारलं, "पुन्हा लावून पाहता का जी, अंधरून?" म्हणजे आतून. मीटरवाला म्हणाला, "काका, मशीन हाये ते. मशीन कायले खोटं बोलन?" त्या मशीनची पडताळणी कधी झाली होती, हे तिथं कुठंही लिहिलेलं नव्हतं. आकडा कागदावर मिळत नाही. तो बोलतो, आपण ऐकतो. शेजारी गाडी घेऊन खासगीत गेला आणि पडेल भावानं देऊन आला. मी नऊवाला असल्यानं गप्प बसलो, हेही लिहिलंच पाहिजे.

कुणी म्हणेल, शेतकरी काय धुतल्या तांदळासारखा आहे? नाही. मी लहान होतो तेव्हा बंडी भरायच्या आदल्या रात्री कापसाच्या गंजीवर पाणी शिंपडताना कंदील धरायचं काम माझं असायचं. वजन वाढायचं. पोत्याच्या मध्यभागी सरकी-कचरा जाणं, वरच्या थराला चांगला माल लावणं, हे सगळं बघितलं आहे, केलंही आहे. पण त्याचं अर्थशास्त्र बघा. व्यापारी भाव ठरवतानाच गृहीत धरायचा की कापूस ओला असणार, म्हणून कडता, म्हणजे वजनातली घट, आधीच कापलेला. ज्यानं कोरडा आणला त्याचाही कडता तेवढाच. मग कोरडा आणायचा कुणी? खऱ्या मालाला खरा भाव मिळेल असं माप जिथं नसतं, तिथं खोटा माल हीच शहाणपणाची शेती ठरते. शिंपडलेल्या पाण्याचं पाप आमचंच होतं, ते मी कुणावर ढकलत नाही. पण ते धुऊन काढायचा रस्ता काट्यावरून जातो, बंडीवरून नाही.

एक रुपयात पीकविम्याचं हेच झालं. २०२३ च्या खरिपात योजना आली, २०२५ च्या खरिपापासून बंद झाली, आणि बंद होताना बोगस अर्जांचा गाजावाजा झाला. बोगस अर्ज होतेच. पण ते सापडल्यावर गाळले कुणाला? सगळ्यांना. आता पुन्हा सोयाबीनला दोन टक्के, कापसाला पाच टक्के हप्ता. ज्यानं खरा अर्ज केला होता त्यालाही दुसऱ्याच्या खोट्याची पावती फाडावी लागली.

आणि 'प्रामाणिक' या शब्दाची सगळ्यात मोठी चोरी कर्जमाफीत झाली. वर्तमानपत्रात मथळा येतो: प्रामाणिक शेतकऱ्यांना ठेंगा. पुढारी भाषणात म्हणतात, प्रामाणिकपणे कर्ज फेडणाऱ्यांवर अन्याय होऊ देणार नाही. २०१७ च्या योजनेत थकीत असलेल्याला दीड लाखापर्यंत माफी आणि नियमित फेडणाऱ्याला जास्तीत जास्त पंचवीस हजार. २०१९ च्या योजनेत थकबाकीदाराला दोन लाखांपर्यंत, नियमितवाल्याला पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन. नियमित फेडणाऱ्याची चीड मला समजते, मी स्वतः त्यांच्यातलाच आहे. पण त्याला प्रामाणिक म्हटलं की न फेडणारा आपोआप अप्रामाणिक होतो. ज्याच्या कपाशीवर बोंडअळीनं ताव मारला तो अप्रामाणिक? ज्याची विहीर आटली तो? २००८ च्या केंद्राच्या माफीत पूर्ण माफीसाठी दोन हेक्टरांची अट होती. आमच्याकडं कोरडवाहू सहा-सात एकर असलेला माणूस ओलिताच्या दोन एकरवाल्यापेक्षा गरीब असतो. तो बाहेर राहिला. तिथंही मापच चुकलं होतं.

आणि नियमितपणाचं आतलं गुपित कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. मार्च महिन्यात गावात 'नवं-जुनं' चालतं. जुनं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. भरायला पैसे नसतात. मग आठ-दहा दिवसांसाठी ते बाहेरून उचलायचे, व्याज आठवड्याच्या हिशेबानं. सोसायटीच्या वहीत माणूस नियमित होतो. सावकाराच्या वहीत तो कुठं असतो, हे त्यालाच ठाऊक. दोघंही जण एकाच बाकावर बसून फॉर्म भरतात, एक प्रामाणिक म्हणून आणि दुसरा थकबाकीदार म्हणून, आणि फरक एवढाच की पहिल्याला मार्चमध्ये कुणीतरी पैसे दिले. मी दोन वर्षं असाच प्रामाणिक राहिलो आहे. फेडलं त्याला नियमित म्हणा, सवलत द्या, व्याज सोडा. प्रामाणिक हा शब्द त्यातून काढा.

यावर करायचं काय, हेही बोललं पाहिजे, नाही तर नुसती शब्दांची करमणूक. २१,००० ची मर्यादा रोजगार हमीच्या शंभर दिवसांच्या मजुरीशी बांधून टाका, म्हणजे मजुरी वाढेल तशी ती आपोआप वाढेल आणि कुणा म्हातारीला एकवीसच्या आत घुसावं लागणार नाही. खरेदी केंद्रावर ओलाव्याचा आकडा छापील चिठ्ठीवर द्या, मीटर शेवटचं कधी तपासलं ती तारीख त्याच चिठ्ठीवर टाका, आणि शेतकऱ्यानं मागितलं तर दुसऱ्या मीटरनं मोजायचा हक्क द्या. खर्च फारसा नाही. पैसेवारी, म्हणजे गावात पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या वर लागली की गाव दुष्काळाच्या सवलतींतून बाहेर पडतं. तेव्हा कुठल्या शेतात पीक कापून बघितलं आणि किती निघालं, हा पंचनामा ग्रामसभेत वाचून दाखवा. गावाला स्वतःच्या शेताचं खोटं लगेच ऐकू येतं. यात नवीन काही नाही. १८८६ साली कारंज्याला जे गिरणीवाल्यांसाठी केलं, तेच पेरणाऱ्यासाठी करा.

यावर एक आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे: सगळं मापावर ढकललं की माणसाची नियत कुठं गेली? नियतीचा प्रश्न मोठा आहे आणि तो माझ्यासारख्यानं सोडवायचा नाही. पण नियत कुणाच्या कपाळावर वाचता येत नाही, माप मात्र तपासता येतं. जे तपासता येतं ते तपासून झाल्यावर नियतीचं बोलू.

म्हातारीचा दाखला महिन्यानं आला. तो वाचून घ्यायला ती आमच्या ओसरीवर आली. मी वाचला: याद्वारे प्रमाणित करण्यात येते की. तिनं विचारलं, "प्रमानित म्हंजे काय?" म्हटलं, हे खरं आहे असं सरकार म्हणते. ती म्हणाली, "त्यायले कोनं सांगतलं?"

आबाजींची पायली अजून आमच्या माळ्यावर आहे. काठावर जुन्या सरकारी शिक्क्याची पुसट खूण आहे. दिवाळीला साफसफाईत ती खाली आली, तेव्हा मुलीनं म्हटलं, मोजून पाहू. चार शेर म्हणजे एक पायली, आणि घरात जुना शेरही होता. तीन शेर बसले. चौथा अर्धाअधिक ओतला आणि तांदूळ काठावरून सांडायला लागले. उलटी करून पाहिली तर तळ आत गेलेला, चांगला मूठभर पोचा. वडील म्हणाले, बंडीतून पडली होती. आईनं काहीच म्हटलं नाही. या पायलीनं व्यापाऱ्याला ज्वारी मोजून देताना शेतकऱ्याचा फायदा झाला असणार, आणि याच पायलीनं आमच्या घरच्या मजुरांना वर्षानुवर्षं धान्य मोजून दिलं गेलं. शिक्क्यावरचं साल वाचता येत नाही आणि पोचा कधीचा, ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.